सुटींतील पुस्तकांची निवड

परीक्षा संपून उन्हाळ्याची सुटी जवळ आली, म्हणजे आमच्यासारख्या वाङ्मयाच्या अध्यापकांना दरवर्षीं एकाच प्रश्नाचें उत्तर द्यावें लागतें. चौथीपासून सातवीपर्यंतच्या वर्गांत शिकणाऱ्या मुलांचे आईबाप भेटतात आणि म्हणतात, "सुटींत मुलाच्या हातीं देण्याजोगीं चारदोन चांगलीं पुस्तकें सांगा." प्रश्न साधा दिसतो, पण त्यांतील ‘चांगलीं’ ह्या शब्दाची थोडी चौकशी केली, कीं त्याच्या पोटांत दडलेली दुसरीच मागणी बाहेर येते. मुलानें शहाणें व्हावें, त्याचें मराठी सुधारावें, वडीलधाऱ्यांविषयीं त्याच्या मनांत आदर उपजावा, आणि जमल्यास पुढील इयत्तेच्या अभ्यासासही हातभार लागावा, इतकीं सारीं कामें त्या पुस्तकानें सहा आठवड्यांत उरकावयाचीं असतात. वाचतांना मुलाला गोडी वाटावी, ही अपेक्षा यादींत असलीच तर सर्वांच्या शेवटीं. माझें म्हणणें असें, कीं हा क्रम उलटा आहे. आणि तो उलटा असल्यामुळेंच आपल्या घरांतील कित्येक उत्तम मराठी पुस्तकें जून महिन्यांत कोरीं करकरीत अशीं कपाटांत परत जातात.

ह्या क्रमाला इतिहास आहे. मुलांसाठीं छापलेलें आपलें गद्य वाढलें तेंच मुळीं शाळेच्या ओसरीवर. सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांचें ‘बाळमित्र’ हें पुस्तक १८२८ सालचें. बेर्कें नांवाच्या फ्रेंच लेखकाच्या गोष्टी इंग्रजीच्या वाटेनें त्यांत आल्या. छत्र्यांनीं इसापाच्या नीतिकथाही मराठींत आणल्या. नव्या शाळांना पुस्तकें हवीं होतीं, आणि तीं ह्या मंडळींनीं मोठ्या कष्टानें पुरविलीं. त्यांचे उपकार मोठे आहेत. परंतु गोष्टीच्या शेवटीं तात्पर्य असलेंच पाहिजे, ही सवय तेथूनच आपल्याला जडली. पुढें १९०६ सालीं वासुदेव गोविंद आपटे ह्यांनीं मुलांसाठीं मासिक काढलें, आणि त्याचें नांव ‘आनंद’ असें ठेविलें. नांव ठेवणाऱ्याला जें उमगलें होतें, तें शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं तरी पुस्तकें विकत घेणाऱ्यांना अजून पुरतें उमगलेलें नाहीं.

सुटी आणि पुस्तक ह्यांचें खरें नातें कसें असतें, ह्याचें एक उदाहरण इंग्रजी वाङ्मयांत प्रसिद्ध आहे. १८८१ सालच्या उन्हाळ्यांत स्टीव्हन्सनचें कुटुंब स्कॉटलंडमधील ब्रेमार ह्या गांवीं येऊन राहिलें होतें. पाऊस आणि गारठा ह्यांमुळें घराबाहेर पडण्याची सोय नव्हती. त्याचा सावत्र मुलगा लॉइड तेव्हां बारातेरा वर्षांचा होता, म्हणजे ज्या वाचकांचा आपण विचार करीत आहों, त्यांच्याच वयाचा किंवा किंचित् पुढचा. त्याच्या रंगांच्या खेळांत सामील होऊन स्टीव्हन्सननें एका काल्पनिक बेटाचा नकाशा रंगविला. त्या नकाशांतून ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी निघाली आणि १८८३ सालीं ती पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. लिहून झालेलीं प्रकरणें घरांतच मोठ्यानें वाचलीं जात. स्टीव्हन्सनचे वडील दीपगृहें बांधणारे मोठे इंजिनियर. पण तेही ह्या खेळांत इतके रंगले, कीं मेलेल्या खलाशाच्या पेटींत काय काय सांपडलें, ह्याची यादी त्यांनीं स्वतः करून दिली.

ह्या हकीकतींत मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, कीं येथें वडील माणसें मुलाला शिकवावयास बसलेलीं नाहींत. तीं त्याच्या खेळांत शिरलीं आहेत. आणि तरी त्या पुस्तकांत नीति नाहीं, असें कोण म्हणेल? लांब जॉन सिल्व्हर हा चांचा लबाड, क्रूर, पण बोलण्यांत मोठा गोड आणि हिंमतीचा. त्याचा मोह पडावा कीं तिटकारा यावा, हें लेखक सांगत नाहीं. जिम नांवाच्या पोराबरोबर वाचणाऱ्या पोरालाही तें स्वतः ठरवावें लागतें. तात्पर्य छापलेल्या पुस्तकांत हें श्रम मुलाला पडत नाहींत, आणि म्हणून त्यांचें फळही मिळत नाहीं.

हें सारें वर्गांत सांगणारा मी स्वतः मात्र ह्याच परीक्षेंत नापास झालों आहें. दोन वर्षांपूर्वीं माझ्या धाकट्या बहिणीनें तिच्या मुलासाठीं यादी मागितली. भाचा त्या वर्षीं पांचवीची परीक्षा देऊन सहावींत जावयाचा होता. शाळा इंग्रजी माध्यमाची. मीं मोठ्या उत्साहानें दहा पुस्तकें निवडलीं आणि नुसती यादी न धाडतां पुस्तकेंच विकत घेऊन धाडलीं. जूनमध्यें तिच्या घरीं गेलों, तेव्हां दहांपैकीं नऊ पुस्तकें माझी चूक मूकपणें सांगत उभीं होतीं. ‘श्यामची आई’मध्यें तिसऱ्या रात्रीपाशीं खूण घातलेली होती, ती एप्रिलपासून तेथेंच होती. दहावें पुस्तक ‘फास्टर फेणे’. तेंही मालिकेंतलें एकच बरें दिसावें म्हणून मीं घातलेलें. त्याचें वेष्टन फाटलें होतें, पानांवर आंब्याचे डाग पडले होते, आणि त्याच्या शेजारीं शेजारच्या मुलाकडून आणलेलीं त्याच मालिकेंतलीं आणखी चार पुस्तकें पडलीं होतीं. बहीण म्हणाली, "दादा, तूं पुस्तकें त्याच्यासाठीं घेतलींस, पण निवडलींस मात्र आपल्यासाठीं." ह्याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

त्या उन्हाळ्यानंतर मीं हीं पुस्तकें पुन्हां, आणि ह्या वेळीं मुलाच्या शेजारीं बसून, वाचलीं. भा. रा. भागवतांच्या फेण्याचे दोष मला आजही दिसतात. योगायोगांवर त्यांची भिस्त फार, खलपुरुष पुठ्ठ्याचे, आणि पहिल्या पुस्तकांतला बनेश शेवटच्या पुस्तकांतही तोच राहतो. पण मुलाच्या बाजूनें पाहिलें, कीं ह्या कथांचें बळ ध्यानांत येतें. हा नायक राजपुत्र नव्हे कीं आदर्श बालक नव्हे. तो फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेंत आलेला, काडीसारखा, सायकल पिटाळणारा मुलगा आहे. त्याचें जग वाचकाला पायांखालचें वाटतें. भाषा बोलण्यांतली, वाक्यें आंखूड, आणि प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस पान उलटावयास लावणारी. दहा वर्षांच्या मुलाला मराठी पुस्तक एकट्यानें शेवटपर्यंत वाचतां येतें, हा आत्मविश्वास ज्यानें दिला, त्याचे योगायोग क्षम्य आहेत. उणीव आहे ती एक, कीं मुलींना ह्या धाडसांत जागा थोडी. ती उणीव भरून काढावयाची तर ‘तोत्तोचान’ ह्या जपानी पुस्तकाचा मराठी अनुवाद घरांत असावा. पहिल्या शाळेनें काढून टाकलेली एक खोडकर मुलगी आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेंत येते आणि तेथें तिचें बोलणें ऐकून घेणारे मुख्याध्यापक तिला भेटतात, ही सत्यकथा मुलगे आणि मुली सारख्याच आवडीनें वाचतात, आणि आईबापांनींही वाचण्याजोगी आहे.

ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ हा जुन्या पिढीचा लाडका. १९९० च्या सुमारास दूरदर्शनच्या मालिकेमुळें तो पुन्हां घरोघर पोंचला. पोरका असूनही केविलवाणा नसलेला मुलगा निर्माण करणें, हें ताम्हनकरांचें यश मोठें आहे. मात्र आजच्या मुलाला तेथें एक अडचण येते. गोट्या कधींकधीं इतका गुणी होतो, कीं लेखकाचा हात त्याच्या पाठीवर दिसूं लागतो. आणि मुलें हें मोठ्यांहून आधीं ओळखतात. माझा भाचा म्हणाला, "हा चांगला आहे, पण हा चुकत का नाहीं?" ह्याहून नेमकी समीक्षा मीं क्वचितच वाचली असेल.

राहिली ‘श्यामची आई’. साने गुरुजींनीं हें पुस्तक १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें, आणि १९३५ सालीं तें प्रसिद्ध झालें. आपल्या घरांत त्याचें स्थान देव्हाऱ्यांतल्या पोथीसारखें आहे, आणि माझ्या मतें तेंच त्याचें दुर्दैव झालें आहे. आपण तें मुलाच्या हातांत देतों आणि त्यानें रडावें, अशी वाट पाहत बसतों. पण तें पुस्तक एका दहा वर्षांच्या मुलानें लिहिलेलें नाहीं; आईला अंतरलेल्या प्रौढ पुरुषानें तिची आठवण करून सांगितलेलें आहे. त्यांतील शोक हा मागें वळून पाहणाऱ्याचा शोक आहे. ज्याची आई शेजारच्या खोलींत वावरत आहे, त्या मुलाला तो एकट्यानें कसा उमगावा? शिवाय ह्या पुस्तकाची घडणच आपण विसरलों आहों. त्याला प्रकरणें नाहींत. रात्री आहेत, बेचाळीस रात्री. श्याम सांगतो आणि आश्रमांतले सोबती ऐकतात. तें ऐकण्याचें पुस्तक आहे. आपण तें एकांतांत वाचण्याची शिक्षा केली.

म्हणून पुढच्या सुटींत मीं त्यांतील पोहण्याची रात्र भाच्याला मोठ्यानें वाचून दाखविली. पाण्याला भिऊन श्याम लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि पोहावयास धाडते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणूं नये, एवढीच तिची इच्छा. वाचून झाल्यावर मीं ठरविल्याप्रमाणें गप्प बसलों. मुलगा थोडा वेळ विचार करून म्हणाला, "मामा, त्याला भीती वाटत होती, तर मारलं कशाला?" स्वयंपाकघराच्या दारांत उभी असलेली त्याची आई आंत आली. मग मायलेकरांत जें बोलणें झालें, तें येथें सांगण्याचें कारण नाहीं. तेव्हां कोणाच्या डोळ्यांत पाणी आलें नाहीं. पण एका नव्वद वर्षांच्या पुस्तकाशीं एका मुलानें खरें भांडण केलें होतें, आणि मला वाटतें, गुरुजींना तें रडण्याहून अधिक आवडलें असतें. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं त्यानेंच विचारलें, "आज कुठली रात्र?"

ह्या अनुभवानें मला आणखी एक गोष्ट शिकविली. आज शहरांतील सुशिक्षित घरांमधलीं पुष्कळ मुलें इंग्रजी शाळेंत जातात. त्यांची जिज्ञासा दहा वर्षांची असते, पण मराठी वाचण्याचा वेग सात वर्षांच्या मुलाचा असतो. आपण त्यांची भाषा कच्ची पाहून चिमणीकावळ्यांचीं ‘सोपीं’ पुस्तकें देतों, आणि त्यांच्या बुद्धीचा अपमान होतो. किंवा बुद्धि पाहून जड पुस्तकें देतों, आणि दहाव्या पानावर त्यांचा दम सुटतो. दोन्हीं प्रसंगीं मुलगा एकच अनुमान काढतो, कीं मराठी ही रंजनाची भाषा नव्हे, आजीशीं बोलण्याची आणि सणावारांची भाषा आहे. हें अनुमान नऊ ते बारा ह्या वयांत एकदां पक्कें झालें, कीं पुढें कोणत्याही महाविद्यालयांतला कोणताही अध्यापक तें पुसूं शकत नाहीं. हें मी तीस वर्षांच्या अनुभवानें सांगतों. सुटींतल्या पुस्तकाची निवड ही इतकी गंभीर बाब आहे, आणि म्हणूनच ती गंभीर चेहऱ्यानें करूं नये.

व्यवहारांत काय करावें? एक तर, पुस्तकें दोन प्रकारचीं घ्यावीं: कांहीं मुलानें एकट्यानें फस्त करावयाचीं, आणि एखादें, त्याच्या भाषेहून थोडें कठीण, पण त्याच्या मनाच्या उंचीचें, रोज रात्रीं घरच्यांनीं वाचून दाखवावयाचें. वीणा गवाणकरांचें ‘एक होता कार्व्हर’ हें १९८१ सालचें चरित्र असें वाचून दाखविण्यास फार चांगलें. गुलामीच्या संसारांत जन्मलेला मुलगा भुईमुगाच्या दाण्यांतून काय काय निर्माण करतो, हें ऐकतांना मुलें दुसऱ्या दिवशीं परसांत कुंडी शोधतात. दुसरें, जाड ग्रंथाचा भरंवसा वाटत नसेल, तर माधुरी पुरंदरे ह्यांच्या ‘वाचू आनंदे’सारखे वेंचे, अथवा बालभारतीनें १९७१ सालीं सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक मुलापुढें पसरावे आणि त्याला हवें तें पान उघडूं द्यावें. तिसरें, दुकानांत मुलाला बरोबर न्यावें आणि निम्मीं पुस्तकें त्याला निवडूं द्यावीं. त्यानें भुतांचें किंवा विनोदाचें पुस्तक उचललें, तर भुवया चढवूं नयेत. आणि अर्धवट टाकलेल्या पुस्तकाचा जाब विचारूं नये. आपणही अर्धीं पुस्तकें टाकूनच वाचक झालों आहों.

शेवटीं जी अट सर्वांत कठीण, ती आईबापांसाठीं आहे. जें पुस्तक आपण स्वतः एका बैठकींत आनंदानें वाचणार नाहीं, तें मुलाला देऊं नये. ज्या घरांत दुपारच्या वेळीं वडील माणूस स्वतःच्या सुखासाठीं मराठी पुस्तक घेऊन आडवें होतें, त्या घराला माझ्या यादीची गरज नाहीं; आणि ज्या घरांत तसें होत नाहीं, तेथें माझी यादी जूनपर्यंत कोरीच राहावयाची.