विजापूर दरबारचा डच चित्रकार
हार्लेमचा चित्रकार कॉर्नेलिस हेडा प्रागच्या रूडॉल्फ बादशहाच्या पदरीं होता. इराणास निघालेला तो गोव्यावरून १६१० च्या सुमारास दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयास आला. शहासाठीं व्हीनस, बॅकस व सेरीझ यांचें चित्र काढल्याचें त्याच्या पत्रावरून कळतें. एवढ्यावरून, छायाप्रकाश दिसला कीं विजापुरी चित्र हेडाचें म्हणण्याचा मोह होतो. आमच्या मतें हें अप्रमाण होय. युरोपीय छापील चित्रेंही दक्षिणेंत पोहोंचलीं होतीं. केवळ छायेवरून कर्ता सिद्ध होत नाहीं. मुरुमानजीक नळदुर्गाच्या पाणीमहालास (१६१३) शिलालेखाची साक्ष आहे; हेडाच्या हातचें निर्विवाद चित्र मात्र उपलब्ध नाहीं. संग्राहकांनीं चित्रामागें नांव लिहिण्यापूर्वीं पुरावा पाहावा. आजचा तर्क उद्यां प्रमाण होऊन बसतो.