उषा नसलेली उत्तर

नॉर्वेच्या किनाऱ्याने जूनमध्ये जहाजातून फिरून आलेल्या मराठी माणसांचे व्हिडिओ आणि प्रवासलेख गेल्या काही महिन्यांत मी बरेच पाहिले, वाचले. बहुतेकांचा कळस एकच. रात्रीचे बारा वाजल्याचं घड्याळ दाखवायचं, मग सूर्य दाखवायचा. मधे फ्योर्ड, धबधबे, डेकवर चिवडा.

यात नेमकं काय कमी पडतं, ते मला टिळकांच्या 'द आर्क्टिक होम इन द वेदाज'मुळे (१९०३) कळलं. टिळक तिकडे कधीच गेले नव्हते. १८९८मध्ये येरवड्याच्या तुरुंगात त्यांच्या हाताशी ऋग्वेद होता. उषेच्या सूक्तांवर ते थबकले, कारण आपल्याकडची पहाट फार लवकर उरकते. आमच्या पुणतांब्याला गोदावरीच्या घाटावर जेमतेम अर्धा तास. एवढ्याशा गोष्टीसाठी ऋषी इतके व्याकूळ का होतात? एका संहितेत तर तीस उषा, तीस बहिणी! टिळकांचं उत्तर असं, की ही ध्रुवाजवळची पहाट आहे. लांबलचक रात्रीनंतरची, कित्येक दिवस क्षितिजावर गोल फिरणारी. सिद्धांत आज अभ्यासक मानत नाहीत, मलाही पटत नाही (फॉरवर्डमध्ये त्याचं काय होतं ते सोडाच). पण कवितेतल्या आनंदाचं माप त्यांनी अंधाराच्या लांबीवरून काढलं, हे वाचन मला अजून भारी वाटतं.

जूनच्या प्रवाशाला तो अंधारच मिळत नाही. ट्रॉम्सोला साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळत नाही. मावळत नाही, म्हणून उगवतही नाही. मग लिहिणारा घड्याळ दाखवणार नाही तर काय करणार?

टिळकांचं 'ओरायन' आलं त्याच १८९३मध्ये, उन्हाळ्यात, नान्सेनचं 'फ्राम' हाच किनारा धरून निघालं. सायबेरियाच्या वरच्या समुद्रात ते मुद्दाम बर्फात अडकवलं, आणि सुटलं ते थेट १८९६च्या ऑगस्टमध्ये. नान्सेनच्या पुस्तकात किनाऱ्याची पानं देखणी आहेत. पण पकड बसते ती सूर्य बुडाल्यावर.

टिळकांकडे उलट उणीव आहे. त्यांच्या उत्तरेत नुसतं आकाश. दोर नाही, मासळी नाही, गारठलेली बोटं नाहीत. ते सगळं आपल्या व्हिडिओवाल्यांकडे असतं, आणि ते त्यावर बॅकग्राउंड म्युझिक टाकतात.

तिकडच्या किनारी बोटी हिवाळ्यातही चालतात. जानेवारीच्या मध्याला ट्रॉम्सोत सूर्य परततो. त्या आठवड्याचं मराठी प्रवासवर्णन मला वाचायचंय. चिवड्यासकट चालेल.