जॉनी कार्सन : विनोदातून व्यक्त झालेला शोक

‘द टुनाइट शो’ या अमेरिकन दूरचित्रवाणीवरील रात्रीच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन जॉनी कार्सन यांनी १९६२ ते १९९२ अशी ३० वर्षे केले. २३ जानेवारी २००५ रोजी त्यांचे निधन झाले. ३१ जानेवारीला डेव्हिड लेटरमन यांनी आपल्या कार्यक्रमाच्या आरंभी नेहमीप्रमाणे विनोद सादर केले. ते सर्व विनोद कार्सन यांनीच लिहून पाठविलेले होते, हे त्यांनी मागाहून सांगितले. म्हणजे प्रेक्षक आधी हसले आणि त्या हास्याचा धनी कोण, हे त्यांना नंतर उमगले. शोकसभेतील भाषण दिवंगताविषयी बोलते. येथे दिवंगताचे शब्दच बोलले. त्यामुळे श्रद्धांजलीचे मूल्य केवळ गांभीर्यावरून ठरविणे अपुरे ठरते. विनोदकाराचे खरे स्मरण स्तुतीपेक्षा त्याच्या विनोदाला पुन्हा मिळालेल्या उत्स्फूर्त दादेत असते.