'नको' कोणाला सांगायचे?

२०२१ मध्ये सुकमा जिल्ह्यातील एका मुलाचे शाळेतले गाणे देशभर गाजले. आमच्या रायपुरात मुख्यमंत्र्यांनीही त्याच्याकडून ते गाऊन घेतले. ती चित्रफीत शिक्षकाने काढली होती. आज अनेक घरांत हे काम आई-वडीलच करतात, तेही कमाईसाठी.

बालकामगारविषयक २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला ५ तासांहून अधिक काम घेता येत नाही. उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. बंधने निर्मात्यावर, राखण पालकाची, अशी ही कल्पना. घरच्या रीलमध्ये मात्र निर्माता आणि पालक एकच! मग मुलाने 'नको' कोणाला सांगायचे?

रडत्या मुलाची रील पाहून हसू आले, तरी पुढे पाठवू नका. त्या कमाईत आपलाही हात असतो.