तिसऱ्या प्लगची काजळी

बॉनेटवर वर्तमानपत्राचा तुकडा, त्यावर ओळीने तीन स्पार्क प्लग. "साहेब, रेघेत लावलेत, हात लावू नका," असं बजावून मिस्त्री चहा सांगायला गेला. गाडी माझी, १९९७ ची मारुती ८००, ग्रीन टॅक्स भरून अजून रस्त्यावर असलेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, म्हणून प्लगही तीनच. तक्रार एवढीच होती की सकाळी पहिली पाच मिनिटं मिसिंग मारते आणि सिग्नलला उभी असली की थरथरते. ऑइल, फिल्टर, ब्रेकचे लायनर ही नेहमीची कामं उरकली होती. त्यांत बघण्यासारखं काही नव्हतं. बघण्यासारखं ते या कागदावर.

प्लगचं वाचायचं टोक जेमतेम करंगळीच्या नखाएवढं. मधोमध पांढऱ्या सिरॅमिकची निमुळती नळी, तिच्यातून डोकावणारी धातूची काडी आणि कडेने वाकून तिच्यावर आलेला दुसरा दांडा. दोघांत पाऊण मिलिमीटरची फट. ठिणगी पडते ती इथे. इंजिनाच्या दोन फेऱ्यांना एक ठिणगी, म्हणजे मिनिटाला अडीच हजार फेरे धरले तर साडेबाराशे. ताशी चाळीसच्या सरासरीने दहा हजार किलोमीटर चालवायला अडीचशे तास लागतात. तेवढ्यात प्रत्येक प्लगने पावणेदोन कोटींहून जास्त ठिणग्या टाकलेल्या असतात. त्याही आगीच्या खोलीत बसून. प्लगचं टोक साधारण साडेचारशे अंशांच्या वर तापलं तरच काजळी आपोआप जळून जाते, आणि साडेआठशेच्या पलीकडे गेलं तर ते ठिणगीआधीच पेट्रोल पेटवायला लागतं. या दोन आकड्यांमध्ये आयुष्य काढायचं.

पहिला प्लग सरळ स्वभावाचा. सिरॅमिकवर फिकट तपकिरी रंग, दुधात बुडवून काढलेल्या ग्लुकोज बिस्किटाचा. जुने मिस्त्री या रंगावरून कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडेतिकडे करत. २००० साली शिशाचं पेट्रोल देशभरात बंद झालं, तेव्हापासून हा रंग जरा पुसट झालाय आणि वाचणाऱ्याला डोळे बारीक करावे लागतात. दुसऱ्याचा रंगही तोच, पण काडीची कड बघा. नव्या प्लगची कड नाण्यासारखी धारदार असते. ठिणगीला धारेवरून उडी मारायला आवडतं. इथे ती झिजून गोल झालेली, चोखलेल्या लिमलेटच्या गोळीसारखी. फिलर गेजची एक मिलिमीटरची पाती आरामात आत गेली. फट वाढली की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि थंड सकाळी नेमकं तेच तोकडं पडतं. इथवर प्लग बदला आणि विषय संपवा, असंच कुणीही म्हणालं असतं.

मग तिसरा. काळाकुट्ट. पण काळ्यातही प्रकार आहेत, आणि खरी गंमत त्यातच आहे. कोरडी, मऊ, बोटाला काजळासारखी लागणारी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, चोक अडकलाय किंवा गाडी रोज फक्त भाजी आणायला निघतेय. हा काळा मात्र ओला होता, चकचकीत, वापरून काळ्या झालेल्या लोखंडी तव्याच्या कडेसारखा. मिस्त्रीने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि प्लग माझ्या नाकाशी धरला. "वास घ्या." पेट्रोलचा उग्र वास नव्हता, जळलेल्या ऑइलचा जड, कडवट वास होता. अशा थरातून वीज सिरॅमिकवरूनच सरपटत निघून जाते, फटीत उडी मारायचे कष्ट घेत नाही. थरथर याची.

"घाट उतरताना मागे निळा धूर दिसतो का?" त्याने विचारलं.

दिसला होता. वरंधा घाट, भोरकडून महाडच्या बाजूला उतरताना. दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून, इंजिनाच्या जोरावर. खाली सपाटीला लागून पाय दाबला तेव्हा आरशात निळसर लोट दिसला, आणि मी तो पुढच्या ट्रकच्या नावावर टाकून मोकळा झालो होतो. प्लगने तसं केलं नव्हतं. ॲक्सिलरेटर सोडला की हवेची वाट जवळजवळ बंद होते, पिस्टन मात्र ओढतच राहतो. त्या ओढीने व्हॉल्व्हच्या दांड्याशेजारून ऑइल खाली झिरपतं. तिथे अडवणारी रबराची टोपी, व्हॉल्व्ह सील, उष्णतेने कडक होऊन गेली असली की झालंच. अख्ख्या घाटाची नोंद त्या नखाएवढ्या जागेत उतरली होती.

रिंगा गेल्या असाव्यात ही शंका त्याने आधी फेडून घेतली. प्लगच्या भोकाला कॉम्प्रेशन गेज लावला, मग चमचाभर ऑइल ओतून पुन्हा लावला. काटा पहिल्या आकड्याच्या वर गेला नाही. रिंग झिजलेली असती तर ऑइलने फट भरून आकडा वाढला असता. नंतरचं काम मी स्टुलावर बसून पाहिलं. हेड न उतरवता सील बदलायचे, तर स्प्रिंग काढल्यावर व्हॉल्व्ह खाली पडू नये म्हणून त्याने नायलॉनची दोरी प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये वेटोळी करत भरली आणि पिस्टन हाताने वर आणला. दोरीच्या गादीने व्हॉल्व्ह दाबून धरला. ज्या भोकातून दुखणं कळलं त्याच भोकातून इलाज.

एका मोठ्या वर्कशॉपने वर्षापूर्वी जुने प्लग बदलून हे बसवले होते. बिलावर 'प्लग ३' अशी ओळ होती. काढलेले कुठे गेले विचारल्यावर काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. तिसऱ्यावर तेव्हाही काहीतरी लिहिलेलं असणार. आता इरिडियमचे प्लग आलेत, केसासारखी बारीक काडी, लाखभर किलोमीटर बघायला नको. सोय आहे, नाकारत नाही. पण लाखभर किलोमीटर इंजिनाची खबरच घ्यायची नाही, हे मला जरा उद्धट वाटतं.

नवे प्लग त्याने पाना न लावता बोटांनी बसवले, शेवटपर्यंत. हेड ॲल्युमिनियमचं; पहिला आटा वाकडा गेला की लेथवाल्याकडे जावं लागतं. बोटं थांबली तिथून पान्याने अर्धा फेरा, वॉशर दबेपर्यंत. बस.

दीड महिन्याने पुन्हा वरंध्याने उतरलो. महाडला चहा होईपर्यंत इंजिन निवू दिलं आणि तिसरा प्लग काढला. कडेला अजून करडी किनार होती. मधली नळी मात्र बिस्किटी. हॉटेलवाल्याने विचारलं, "गाडी बंद पडली का?" म्हटलं, नाही, चांगली चाललीय.