‘वारली’ या शब्दाचे अर्थांतर आणि जाहिरातीतील विस्मरण

१

कोका-कोला इंडिया ह्या कंपनीने २०१० साली दिवाळीच्या निमित्ताने एक जाहिरात-मोहीम चालविली. ‘कम होम ऑन दीपावली’ हे तिचे बोधवाक्य, आणि तिच्यातील चित्रांची शैली वारली. घरापासून दूर राहणाऱ्या तरुणांनी सणाला घरी परतावे, एकत्र यावे, आणि त्याबरोबर आपल्या एका प्राचीन संस्कृतीचेही दर्शन घडावे, असा ह्या योजनेचा आशय होता. जाहिरात म्हणून ती किती यशस्वी झाली, हा प्रस्तुत टिपणाचा विषय नव्हे. येथे विचार करावयाचा आहे तो भाषेचा. ह्या आणि ह्यासारख्या जाहिरातींच्या भाषेत ‘वारली’, ‘प्राचीन’ आणि ‘घर’ हे तीन शब्द कोणते काम करतात, आणि ते करताना डहाणू-तलासरीचा कोणता इतिहास दृष्टीआड होतो, एवढेच पाहावयाचे आहे.

२

प्रथम ‘वारली’ हा शब्द घेऊ. मुळात हे एका समाजाचे नाव. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड ह्या भागांत, तसेच लगतच्या गुजरातेत आणि दादरा-नगरहवेलीत राहणारे लोक ते वारली. म्हणजे हे विशेषनाम आणि तेही मनुष्यवाचक. आज शहरातील दुकानात हाच शब्द वेगळ्या रीतीने वापरला जातो. वारली साडी, वारली भिंत, वारली चादर, ‘जरा वारली काढून द्या’ अशा प्रयोगांत तो प्रथम विशेषण झाला आणि मग नक्षीच्या एका प्रकाराचे सामान्यनाम झाला. एखाद्या शहरी विद्यार्थ्यास ‘वारली म्हणजे काय?’ असे विचारून पाहावे. त्रिकोणांची माणसे आणि पांढऱ्या रेषा हेच बहुधा त्याच्या डोळ्यांपुढे येईल. ‘वारली म्हणजे कोण?’ असा प्रश्न असू शकतो, हे त्याला मागाहून सुचते.

कोणी म्हणेल की यात नवल ते काय? पैठणी, चंदेरी, कोल्हापुरी हेही शब्द असेच वस्तुवाचक झाले. साम्य आहे, पण भेद अधिक महत्त्वाचा आहे. ते शब्द स्थलनामांवरून आले. पैठणी नेसणारी स्त्री पैठण हे गाव विसरत नाही. आणि विसरली तरी त्यामुळे कोणाचे माणूसपण उणावत नाही. ‘वारली’ हा शब्द माणसांवरून वस्तूवर गेला आहे. अशा अर्थांतरात वस्तू जसजशी प्रसिद्ध होते, तसतसे माणूस नावाच्या मागे लपत जाते. शिवाय जाहिरातीचे वाक्य बहुतेक कर्मणी असते. ‘वारली शैलीत चितारलेले’ असे म्हटले की कोणी चितारले हा प्रश्न व्याकरणानेच मिटतो. कर्ता लुप्त होतो आणि विशेषण तेवढे उरते.

३

दुसरा शब्द ‘प्राचीन’. वारली चित्रांविषयी हा शब्द इतक्या सहजपणे वापरला जातो की त्याला पुरावा मागावा असे कोणास वाटत नाही. ही चित्रे भिंतीवर काढली जात आणि भिंत पुन्हा सारवली की नाहीशी होत. त्यामुळे त्यांच्या वयाविषयी नेमके बोलणे कठीण. नेमके सांगता येते ते त्यांच्या उपयोगाविषयी. लग्नघरी शेणामातीने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचे टोक चेचून केलेल्या कुंचल्याने चौक काढावा, त्यात पालघट देवीची स्थापना व्हावी, शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव यावा, आणि धवलेरीने गाणी म्हणत लग्न लावावे, असा हा विधी आहे. चौकावाचून लग्न पुरे होत नाही. तेव्हा हे चित्र शोभेकरिता नव्हते, आणि ते काढणे हे स्त्रियांचे काम होते.

हे चित्र भिंतीवरून कागदावर आले ते १९७० नंतरच्या दशकात. भास्कर कुलकर्णी ह्या चित्रकाराने डहाणू तालुक्यातील गावांतून हिंडून बाहेरच्या जगाचे लक्ष तिकडे वेधले. गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांनी लग्नविधीबाहेर, रोजच्या जीवनावर, स्वतःच्या कल्पनेने चित्रे काढण्यास आरंभ केला. पुरुषाने चौकाबाहेरचे चित्र काढणे हीच एक नवी गोष्ट होती. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे आज आपण ज्यास वारली चित्रकला म्हणतो, ती पुष्कळ अंशी एका आधुनिक कलावंताने आणि त्याच्या मागून आलेल्या पिढीने घडविलेली आहे. जुनी रीत स्त्रियांची. नवे वळण मशे यांचे. ‘प्राचीन’ हे एकच विशेषण लावले की त्या स्त्रिया आणि हा कलावंत दोघेही एकदम पुसले जातात, आणि जणू ही चित्रे कोणी न काढता काळाच्या उदरातून आपोआप निघाली असे भासू लागते.

परंतु ह्या विशेषणाचा याहून मोठा दोष असा की ते एका समाजास काळाच्या बाहेर नेऊन बसविते. जो प्राचीन त्याला इतिहास नसतो. त्याला केवळ परंपरा असते. वारल्यांना मात्र इतिहास आहे, आणि तो फार दूरचाही नाही.

४

तो इतिहास चौकाच्या अगदी जवळून सुरू होतो. लग्न म्हटले की खर्च आला. तो भागविण्यासाठी तरुण वारली जमीनदाराकडून वा सावकाराकडून रक्कम घेई आणि ती फिटेपर्यंत नवराबायको दोघेही त्याच्या घरी व शेतावर राबत. मजुरी नावापुरती, हिशेब सावकाराच्या वहीत. म्हणून कर्ज कधी फिटत नसे. अशा गड्याला ‘लग्नगडी’ म्हणत. हा शब्द भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे. मराठीत ‘गडी’ म्हणजे सोबती आणि ‘गडी’ म्हणजे नोकरही. ‘लग्नगडी’ ऐकणाऱ्या अनोळखी माणसास करवल्यासारखा एखादा आनंदाचा मानकरी मनात येईल. प्रत्यक्षात तो शब्द जन्मभराच्या गुलामगिरीचे नाव होता. ज्या भिंतीवर सुवासिनी पालघट देवी रेखीत होत्या, त्याच घरातील नवरानवरी त्याच लग्नापायी वेठीला जात होती.

हे काही कोणास ठाऊक नव्हते असे नाही. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन ह्या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील आदिवासींविषयीच्या अहवालात वेठीची हकिगत सरकारपुढे मांडली होती. के. जे. सावे यांचा वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी २३ मे रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी किसान सभेच्या वतीने हजारो वारली जमले. वेठ करावयाची नाही आणि दिवसाला बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जावयाचे नाही, असा त्यांनी निर्धार केला. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर हे त्यांचे सहकारी होते. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबर आणखी चौघे त्यात मारले गेले. तलासरीत आजही १० ऑक्टोबर हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ पाळला जातो. गोदावरीबाईंनी ह्या लढ्याची कहाणी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या १९७० च्या पुस्तकात सांगितली, आणि १९७२ मध्ये त्या पुस्तकास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तेव्हा मराठी वाचकाला तरी हा इतिहास अज्ञात म्हणता येणार नाही.

पुस्तकाच्या नावातील शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. तेथे ‘माणूस’ आहे. जाहिरातीत ‘शैली’ आहे. एकाच समाजाविषयी बोलणारी ही दोन नामे. पहिले क्रियापद मागते, कारण माणूस जागा होतो, नकार देतो, मजुरी मागतो. दुसऱ्याला क्रियापदाची गरजच नाही.

५

आता तिसरा शब्द, ‘घर’. दिवाळीला घरी या, हे आवाहन शहरात नोकरीस गेलेल्याला गोड लागणारच. वारली पाड्यांवरही त्या सुमारास आनंद असतो. भात तयार होत आलेले असते, वाघबारस येते, तारपा वाजू लागतो. पण ह्या आनंदाच्या लगतच दुसरी एक गोष्ट आहे. पालघर जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबांचे स्थलांतर दिवाळीनंतर सुरू होते. सणासाठी मुकादमाकडून वा भट्टीमालकाकडून उचल घ्यायची, भात झोडून झाले की मुलाबाळांसह भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर वा आणखी दूर कामास जायचे, आणि पावसाच्या तोंडी परतायचे, असा अनेकांचा क्रम आहे. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्ये झाला. उचल मात्र गेली नाही. लग्नगडी हा शब्द आज मागे पडला, तरी आगाऊ रकमेने श्रम बांधून घेण्याची रीत दुसऱ्या नावाने शिल्लक आहे.

यामुळे ह्या जाहिरातीत एक विलक्षण विपर्यास निर्माण होतो. ज्यांच्या चित्रांनी इतरांना ‘दिवाळीला घरी या’ म्हणून बोलाविले, त्यांच्यातील अनेकांना दिवाळी हीच घर सोडण्याची वेळ. असा विपर्यास करण्याचा कोणाचा हेतू होता असे आम्हांस सुचवावयाचे नाही. चित्र घेतले आणि चित्र काढणाऱ्यांचे वर्ष कसे जाते हे विचारले नाही, एवढ्यानेही तो घडतो.

६

यावर दोन आक्षेप संभवतात. एक असा की जाहिरात म्हणजे इतिहासाचे पुस्तक नव्हे. सरबताच्या बाटलीने तलवाड्याचा गोळीबार सांगावा अशी अपेक्षा हास्यास्पद आहे. हे मान्य आहे. परंतु जाहिरात इतिहासाविषयी मौन पाळत नाही; ‘प्राचीन’, ‘संस्कृती’, ‘परंपरा’ हे शब्द ती स्वतःहून उच्चारते. ज्याने इतिहासाचे नाव घेऊन माल विकावा, त्याच्या इतिहासाची तपासणी होणे न्याय्यच होय.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ह्या प्रसिद्धीमुळे चित्रांस मागणी आली आणि डहाणू तालुक्यातील अनेक कुटुंबांना चार पैसे मिळू लागले. त्यांना वीटभट्टीपेक्षा कुंचला निश्चितच बरा. हेही खरे आहे, आणि ह्या मिळकतीविरुद्ध बोलण्याचा अधिकार पगारी अध्यापकास मुळीच नाही. १९९९ च्या कायद्यान्वये वारली चित्रकलेची भौगोलिक निर्देशक म्हणून नोंदणीही झालेली आहे. परंतु नोंदणीने नावाचा दुरुपयोग काही अंशी थांबेल. नावाचा अर्थ टिकविणे तिच्या कक्षेबाहेरचे आहे. चित्रास किंमत मिळणे आणि चित्रकारास कर्तेपण मिळणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत.

ते काम भाषेचे आहे, म्हणून काही अंशी आमचे आहे. ‘वारली’ हे विशेषण वापरावयाचे तेथे शक्य तो ‘वारल्यांनी’ हे तृतीयान्त रूप वापरून पाहावे. वारल्यांनी चौक काढले, वारल्यांनी वेठ नाकारली, वारल्यांनी चित्रे विकली. विभक्तीचा एक प्रत्यय लागताच वाक्याला कर्ता मिळतो, आणि कर्ता मिळाला की सन आणि गावही विचारावे लागते. आमच्या विभागातील पाठ्यपुस्तके, शब्दकोशांतील नोंदी आणि प्रदर्शनांची माहितीपत्रके यांपासून ही दुरुस्ती सुरू करता येईल. शब्दकोशात ‘वारली’ ह्या शब्दापुढे पहिला अर्थ माणसाचा राहावा आणि नक्षीचा अर्थ त्याच्या मागून यावा, एवढा क्रम राखणे तरी आमच्या हाती आहे.