चुलीजवळचा विश्वास : 'स्मृतिचित्रे'चे एक वाचन

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना आपल्या समीक्षेची दृष्टी बहुधा धर्मांतराच्या क्षणावर खिळून राहते. व्यक्ती कोणत्या घरात जन्मली, कोणत्या शंकांनी अस्वस्थ झाली, कोणत्या ग्रंथाने तिला वळण दिले आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी तिने काय गमावले, एवढे सांगून झाले की चरित्र संपल्यासारखे वाटते. या मांडणीला आधार नाही असे नाही. बाबा पदमनजी यांच्या आत्मचरित्राचे 'अरुणोदय' हे नावच रात्र सरून उजाडल्याचे सुचवते, आणि ख्रिस्ती मंडळीत उभे राहून दिल्या जाणाऱ्या 'साक्षी'चा घाटही पुष्कळदा हाच असतो : आधीचा अंधार, मग प्रकाश. परंतु उजाडल्यानंतरचा दिवस कसा गेला, त्या दिवशी घरात धान्य होते की नाही, तापाने फणफणलेल्या मुलाजवळ रात्री कोण बसले, हे प्रश्न या घाटात बसत नाहीत. श्रद्धेचा माणसाला काही उपयोग असेल तर तो याच वेळी कळायचा. म्हणून लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे'कडे पुन्हा वळावेसे वाटते.

हा ग्रंथ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाला. त्याच्या वाट्याला लोकप्रियता आणि मान्यता दोन्ही आल्या, पण त्याच्या वाचनाच्या काही ठरावीक वाटाही पडल्या. निर्व्याज निवेदन आणि प्रसन्न विनोद यांचा नमुना म्हणून तो पाठ्यपुस्तकांत गेला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्राचे साधन म्हणून ख्रिस्ती वाचकांनी तो जपला. पुढे स्त्रीवादी अभ्यासकांनी त्यातील स्त्रीच्या आत्मभानाचा शोध घेतला. या तिन्ही वाटा खऱ्या आहेत. मात्र तिन्हींमध्ये लक्ष्मीबाईंचा ख्रिस्ती विश्वास ही एक घडून गेलेली घटना ठरते. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, अशी नोंद करून आपण पुढे जातो. मी स्वतः कित्येक वर्षे हा ग्रंथ वर्गात विनोदाच्या अंगानेच शिकवला. विद्यार्थी हसत, मलाही समाधान वाटे. त्या हसण्यामागचे बळ कोठून येते, हे विचारायचे राहून गेले.

टिळकांचा आणि लक्ष्मीबाईंचा ख्रिस्ताकडे जाण्याचा मार्ग वेगळा होता, आणि हा वेगळेपणा स्वभावापुरता नाही. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार दिला. पर्वतावरील प्रवचनाने ते भारावले आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ग्रंथ, चिंतन, संवाद, निर्णय असा हा सुशिक्षित पुरुषाचा प्रवास आहे. लक्ष्मीबाईंना शालेय शिक्षण मिळाले नव्हते. त्यांच्यापुढे प्रश्न आला तो पाण्याचा आणि अन्नाचा. वडिलांच्या घरी सोवळ्याओवळ्याचा एवढा अतिरेक की बाजारातून आलेले धान्यही धुऊन घ्यावे लागे. अशा घरातली मुलगी नवऱ्याच्या धर्मांतराने उन्मळून पडली, यात नवल नाही. पुढची काही वर्षे वियोगाची गेली. नंतर त्या टिळकांकडे राहायला आल्या, तरी काही काळ त्यांचे सोवळे कायम होते. मग एके दिवशी त्यांनी स्वतःशीच विचार केला की जाती देवाने केल्या की माणसाने. आणि माणसाने केल्या असे उत्तर येताच कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याला त्यांची हरकत उरली नाही. बाप्तिस्मा यानंतरचा.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. येथे सिद्धांत आधी आणि आचरण मागाहून असे घडलेले नाही. त्रैक्य, प्रायश्चित्त, पुनरुत्थान या विषयांवरचे लक्ष्मीबाईंचे चिंतन आपल्याला या ग्रंथात जवळजवळ भेटत नाही. जे पहिल्यांदा बदलले ते घागरीला कोणाचा हात लागावा याविषयीचे मन. ज्या स्त्रीचे सारे धर्मजीवन स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर पहारा देण्यात गेले, तिच्यासाठी उंबरठा मोकळा होणे हाच धर्मातला मूलभूत बदल होता. त्या उंबरठ्यावरून पुढे कोण कोण आत आले, हे ग्रंथाच्या उत्तरार्धात पाहावे. दुष्काळात पोरकी झालेली मुले आली, आजारी आले, पाहुणे आले, टिळकांनी रस्त्यातून बरोबर आणलेली माणसे आली. प्लेगच्या दिवसांत स्वतः बाई रोग्यांच्या शुश्रूषेला गेल्या. ज्या हातांना धान्य धुण्याचे वळण लावले होते, तेच हात आता प्लेगच्या रोग्याला लागत होते. लक्ष्मीबाई या विरोधाकडे बोट दाखवीत नाहीत. दुसऱ्या कोणा लेखकाने त्यावर एक परिच्छेद खर्च केला असता.

त्यांच्या गद्याकडे या दृष्टीने पाहिले तर एक लकब वारंवार आढळते. एखादा भयंकर प्रसंग सांगून झाल्यावर त्या भाष्यासाठी थांबत नाहीत. लहान वाक्य, क्रियापद, आणि लगेच पुढची हकीगत. ती बहुधा एखाद्या भांड्याची, लुगड्याची, हरवलेल्या पैशाची किंवा टिळकांच्या विसरभोळेपणाची असते. मृत्यू आणि किराणा त्यांच्या निवेदनात शेजारी शेजारी राहतात. यातून जो परिणाम होतो त्याला आपण सवयीने 'विनोद' म्हणतो. मला त्यासाठी 'धीर' हा शब्द अधिक योग्य वाटतो. आलेल्या संकटाला साऱ्या जगाचे रूप घेऊ न देणे, त्याच्या शेजारी दुसरी एखादी साधी गोष्ट ठेवून त्याला त्याच्या मापात ठेवणे, ही मनाची एक कमावलेली शक्ती आहे. प्रार्थनेचे शब्द या ग्रंथात थोडे आहेत. पण उद्याची भाकर उद्या मिळेल असे धरून आजची वाटून टाकणाऱ्या घरात जे मन टिकते, त्याला प्रार्थनेची सवय नव्हती असे म्हणणे कठीण आहे.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. हा धीर श्रद्धेतून आला की स्वभावातून? बालपणीच्या प्रकरणांतही हाच खेळकरपणा आहे. तेव्हा तर ख्रिस्ताचे नावही त्या मुलीच्या कानी नव्हते. आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. ते बालपण जगलेली मुलगी आणि ते लिहिणारी वृद्ध स्त्री यांच्यात साऱ्या आयुष्याचे अंतर आहे. वडिलांच्या सोवळ्यापायी सारे घर होरपळले होते. सासरचे हालही थोडे नव्हते. हे सारे सांगताना लेखणीला कडवटपणाचा स्पर्श होत नाही. ज्यांनी छळले त्यांच्याविषयी वाचकाला राग येतो, पण तो लेखिकेने आपल्याकडून मागून घेतलेला नसतो. त्या माणसांच्या विक्षिप्तपणासकट त्यांना पुन्हा घरात घेतल्यासारखे त्या लिहितात. क्षमा हा शब्द न उच्चारता केलेली ही क्षमा आहे, आणि ती उपजत स्वभावाने साधते असे मला वाटत नाही. प्रस्तुत लेखक ख्रिस्ती नाही. तरीही या पानांचा उलगडा ख्रिस्ती श्रद्धेला बाजूला ठेवून करणे त्याला जमलेले नाही.

टिळकांच्या अभंगांशी तुलना केली की ही श्रद्धा अधिक स्पष्ट दिसते. टिळकांनी ख्रिस्तभक्तीला मराठी संतांची वाणी दिली. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो अशी त्यांची धारणा होती. ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारणारी त्यांची पदे आजही मराठी उपासनांतून गाइली जातात. पुस्तक न उघडता ती पाठ म्हणणाऱ्या वृद्ध स्त्रिया ज्याने ऐकल्या असतील, त्याला त्या पदांचा आधार किती खोल आहे हे सांगायला नको. या काव्यात तळमळ आहे, एकरूप होण्याची ओढ आहे, आणि जे आहे त्यात न मावण्याची अस्वस्थताही आहे. या अस्वस्थतेनेच १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. कल्पना भव्य होती, आणि तिचे महत्त्व आजही संपलेले नाही.

तथापि संन्यासाला प्रपंच असतो, तेव्हा तो कोणीतरी चालवावा लागतो. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. दारी आलेल्याला ते असेल ते देऊन टाकीत. त्यांच्या औदार्याच्या कथा आपण कौतुकाने सांगतो, पण रिकाम्या डब्यांशी गाठ कोणाची पडली, हे 'स्मृतिचित्रे' वाचल्यावर विसरता येत नाही. एकाच्या श्रद्धेची किंमत दुसऱ्याच्या श्रमाने चुकती होत होती. लक्ष्मीबाई हे झाकत नाहीत. त्या भांडतात, रुसतात, टिळकांच्या रागाला रागाने उत्तर देतात, आणि ते सारे लिहूनही ठेवतात. ग्रंथभर त्या पतीला 'टिळक' असे आडनावाने संबोधतात. त्या संबोधनात माया, आदर आणि तक्रार एकत्र नांदते. बायबलमधील स्तोत्रसंहितेत भक्त देवापाशी उघड गाऱ्हाणे करतो आणि त्याने त्याची भक्ती उणी होत नाही. लक्ष्मीबाईंनी आपली गाऱ्हाणी देवाऐवजी टिळकांपाशी केली, एवढाच फरक. म्हणूनच त्यांच्या धीराला सोशिकपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. सोशिक बाईचे आत्मचरित्र इतके बोलके होत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे सहज आठवते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दैनंदिन श्रद्धेला संस्थेचे रूप दिले. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सामान्य स्त्रीला कळेल अशा मराठीत बायबल आणण्याचे काम त्या १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी पुरे करून गेल्या. तो मार्ग विदुषीचा आणि संघटकाचा होता. लक्ष्मीबाईंपाशी ना संस्था होती ना विद्वत्ता. त्यांच्यापाशी होते एक भरलेले, बहुधा कर्जातले घर.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य तेव्हा पहिल्या काही अध्यायांपाशी थांबलेले होते. उरलेले बहुसंख्य अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ मधील 'क्रिस्तपुराणा'पासून ख्रिस्तकथेला ओवी परकी नाही, आणि जात्यावर बसणाऱ्या बाईला तर ती कधीच परकी नव्हती. काव्य म्हणून लक्ष्मीबाईंचे अध्याय सर्वत्र सारख्या प्रतीचे नाहीत, हे सांगितले पाहिजे. कथा पुढे नेण्याच्या भरात ओवी पुष्कळदा गद्याला टेकते. पण शाळेची पायरी न चढलेली एक विधवा कवीच्या हातून सुटलेले महाकाव्य उचलते आणि दिवसाच्या कामांतून सवड काढून ते शेवटाला नेते, ही घटना वाङ्मयेतिहासाने आजवर तळटीपेपुरतीच ठेवली आहे.

१९५० मध्ये जोसेफिन इंकस्टर यांनी केलेला 'स्मृतिचित्रे'चा इंग्रजी अनुवाद 'आय फॉलो आफ्टर', म्हणजे 'मी मागून येते', या नावाने निघाला. हे शब्द इंग्रजी बायबलात पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात येतात. अनुवादाच्या मुखपृष्ठावर मात्र ती बाई कोणाच्या मागून येते, पतीच्या की प्रभूच्या, हे कळायला मार्ग नाही. शांता गोखले यांनी २०१७ च्या आपल्या अनुवादात मूळ मराठी नाव कायम ठेवले, ते बरे केले. ग्रंथात लक्ष्मीबाई क्वचितच कोणाच्या मागून चालतात. 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरे केले. स्वतःचे आत्मचरित्र मात्र पुरे करू शकल्या नाहीत. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या, आणि त्याचा शेवटचा भाग मुलाने, देवदत्त टिळकांनी, पुढे नेला.